जुना फेज-चेंज कूलर नव्या प्रोसेसरवर बसवताना

माझा फेज-चेंज कूलर (फ्रीजसारखा गॅस फिरवून प्रोसेसर थंड करणारा) इंटेलच्या एलजीए ११५० सॉकेटसाठी, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेसाठी होता. तिथे कूलर बसवायच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमी, तर नव्या एलजीए १७०० वर ७८. फरक तीनच मिमीचा, पण कूलर दाबून धरणारी जुनी पट्टी बसेना. जाड ॲक्रिलिकची नवी पट्टी कापली, भोकं पाडली आणि कूलर चालू केला. इव्हॅपोरेटर (प्रोसेसरवर टेकणारा थंड भाग) उणे चाळीस अंशांच्या खाली, तरी लोड देताच प्रोसेसर तापायचा!

उघडून पाहिलं तर थर्मल पेस्ट (दोन्हींमध्ये उष्णता वाहून नेणारा लेप) एका कडेलाच दबलेली, बाकी जशीच्या तशी. नवा प्रोसेसर बोर्डापासून थोडा कमी उंच आहे, त्यामुळे माझ्या जुन्या स्प्रिंगा पुरेशा दाबत नव्हत्या. शिवाय गॅस परत कॉम्प्रेसरकडे नेणारी कडक सक्शन नळी इव्हॅपोरेटरला एका बाजूला ओढत होती. आधी नळीला आधार दिला, मग स्प्रिंगांना लहान स्पेसर (चकत्या) घालून स्क्रू आलटून-पालटून, कर्णरेषेत आवळले. आता पेस्टचा ठसा एकसारखा उमटला.

इन्सुलेशन मात्र नव्यानेच करा, ही कळकळीची विनंती. सॉकेटभोवती आणि बोर्डाच्या मागेही बंद पेशींचा (ओलावा न शोषणारा) फोम हवा, मध्ये हवेची फट नको. फट राहिली की दव धरतं आणि बोर्ड जातो. कूलरमधल्या गॅसला हात लावला नाही. त्याऐवजी प्रोसेसरची पॉवर लिमिट (वीज वापराची कमाल मर्यादा) कमी ठेवली.