रीफ टँकसाठी पाणी: जळगावातला माझा अनुभव

आमच्या बोअरचं पाणी भांड्यांवर पांढरे डाग धरतं. ते रीफ टँकमधल्या, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या, प्रवाळांना देणं शक्यच नव्हतं. घरच्या आरओचं पाणीही मीटरवर ७० टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दाखवायचं, कारण त्यातला टीडीएस कंट्रोलर चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडलं आणि मीटर शून्यावर आला. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट निघून गेलं की शेवाळाचं खाद्यच तुटतं. माझ्या मते पहिला खर्च इथेच करावा, लाइटवर नंतर.

मग पंप चालू ठेवून या पाण्यात रीफ सॉल्ट (समुद्राच्या पाण्यासारखं मिठाचं मिश्रण) हळूहळू घातलं, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) धरलं. खान्देशातल्या मे महिन्यात टाकीचं पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र आतच राहतं. म्हणून रोजची भर मीठ न घातलेल्या, शून्य टीडीएसच्या पाण्याने घालतो.