चलनावर सही करण्याआधी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागून तिसरा आठवडा होता. सेकंड शिफ्ट, रात्रीचे साडेदहा. बुशची, म्हणजे यंत्रात बसवायच्या नळीसारख्या छोट्या भागांची गाडी आली, 40 पोती. चलनावर, म्हणजे मालासोबत येणाऱ्या कागदावर लिहिलेलं, पोत्यात 500 नग, एकूण 20,000. गाडीवाल्याला परत जायची घाई आणि मला डबा खायची. मी पोती मोजली, 40 भरली. ‘माल मिळाला’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

तीन दिवसांनी लाइनवरून सुपरवायझरचा फोन. ‘अरे, तुझी पोती कमी भरायलीत की.’ शिल्लक पोती काट्यावर चढवली. एक बुश 62 ग्रॅमचा, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन सोडून 31 किलो भरायला पाहिजे. तीन पोती 27.9 किलोवरच थांबली. पोत्यामागं 50, असे 150 नग आलेच नव्हते. पुरवठादाराचं उत्तर एका ओळीत आलं: चलनावर सही तुमच्याच माणसाची आहे.

पगारातून काही कापलं नाही. पण परचेसचे साहेब पुढं महिनाभर मला ‘काय पोतीमोजे’ म्हणून हाक मारायचे.

मी बीड जिल्ह्यातला, बी.कॉम. झालेला. जाहिरातीत कुठं ‘स्टोअर असिस्टंट’ लिहितात, कुठं ‘डिस्पॅच क्लार्क’, कुठं नुसतं ‘इनवर्ड-आउटवर्ड’. काम एकच: गेटातून आत येणारा आणि बाहेर जाणारा माल कागदाशी जुळवायचा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथं बहुतेक गाड्यांचे सुटे भाग असतात, जालन्याला भंगार आणि सळई, लातूरला डाळ आणि तेल. माल बदलला तरी कागद तेच राहतात.

आत येणाऱ्या मालाचा क्रम आधी अंगवळणी पाडा. गेटवर वॉचमन नोंद करतो. मग चलन किंवा बिल आपल्या पीओशी, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी लावून बघायचं: आयटम कोड, नग, दर. मग माल उतरवून मोजायचा, क्वालिटीवाल्याकडून पास करून घ्यायचा आणि तेव्हा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती काढायची. कंपनीत सॅप हे सॉफ्टवेअर असेल तर त्यातला मिगो हा स्क्रीन उघडून माल आत घ्यायला 101 टाकायचं, परत पाठवायचा असेल तर 122. हे आकडे दोन दिवसांत पाठ होतात, त्याची धास्ती घेऊ नका. मोजायची सवय लागायला मात्र वर्ष जातं.

बारीक माल नगावर मोजत बसलात तर सकाळ होईल. 100 नग मोजून घ्या, त्यांचं वजन करा, त्यावरून एका नगाचं वजन काढा आणि मग प्रत्येक पोतं काट्यावर ठेवा. प्रत्येक, एखाददुसरं नाही. माझी तीन पोती चाळिसात मधेच कुठंतरी होती.

मोठ्या गाडीचं गणित वजनकाट्यावर. दीड वर्ष मी जालन्यात होतो, तिथं हे शिकलो. भरलेली गाडी काट्यावर येते तेव्हा ड्रायव्हर आणि क्लीनर केबिनमध्ये बसलेले असतात. माल उतरवून रिकामी गाडी परत येते तेव्हा दोघं टपरीवर चहा पीत असतात आणि गाडी तिसराच कुणीतरी लावून उतरून जातो. दोन माणसांचे 130 किलो लोखंडाच्या भावानं आपल्या बिलात येतात. म्हणून दोन्ही वेळा केबिन रिकामी करायला लावायची. पावसाळ्यात भिजलेली ताडपत्री आधी तोलायची आणि नंतर काढून ठेवायची, हा त्याच घरातला दुसरा भाऊ. ड्रायव्हर चिडतात. चिडू द्या, पण बोलताना ‘भाऊ’ म्हणा. रात्रभर गाडी चालवून आलेला असतो बिचारा, आणि गाडी खाली व्हायला उशीर आपल्यामुळंच झालेला असतो.

माल कमी किंवा फुटका निघाला तर ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर, म्हणजे माल बुक केल्याच्या पावतीवर तिथल्या तिथं शेरा मारा, ड्रायव्हरची सही घ्या, मोबाइलवर फोटो काढा. ट्रान्सपोर्टवाल्यावर दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. ती आपण पाठवत नाही, अकाउंट्सवाले पाठवतात. पण त्यांच्या हातात आपला शेरा नसेल तर ते काय लिहिणार?

बाहेर जाणाऱ्या मालात जीव ई-वे बिलात, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायच्या परवान्यात अडकलेला असतो. राज्याबाहेर 50,000 रुपयांच्या वरच्या मालाला ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. 200 च्या वर थोडंही गेलं की दुसरा दिवस धरायचा. चुकून काढलं तर 24 तासांत रद्द करता येतं.

एकदा पुण्याकडं निघालेली आमची गाडी नेवासा फाट्याच्या पुढं बंद पडली. ट्रान्सपोर्टवाल्यानं दुसऱ्या गाडीत माल टाकला आणि परस्पर पुढं काढला. ई-वे बिलाच्या पार्ट-बी मध्ये, जिथं गाडीचा नंबर असतो तिथं, नंबर जुन्याच गाडीचा. मला कळलं ते ड्रायव्हरनं ‘साहेब, पुढं चेकिंग चालू आहे’ असा फोन केला तेव्हा. गाडी ढाब्यावर उभी करायला सांगितली, नवा नंबर टाकला, मग सोडली. नंबरातला एखाददुसरा अंक चुकला तर 500 अधिक 500 रुपये दंडावर भागतं. पण गाडीच वेगळी असली की माल अडकतो आणि कराच्या दुप्पट दंडापर्यंत गोष्ट जाते. तेव्हापासून गाडी बदलली की आधी मला फोन, हे मी प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याला तोंडपाठ करून ठेवलंय.

जॉबवर्कला, म्हणजे प्लेटिंग-हीट ट्रीटमेंटसारखं काम बाहेरून करून आणायला जाणाऱ्या मालाचं वेगळं रजिस्टर ठेवा, सिस्टिममध्ये नोंद असली तरी. तो माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर गेला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. शेजारच्या प्लॉटवर गेलेला माल लोक सगळ्यात आधी विसरतात, कारण तो रोज डोळ्यासमोर असतो.

पगाराचं सरळ सांगतो. मला सुरुवातीला हातात 11,500 मिळायचे, तेही कॉन्ट्रॅक्टवर. सात महिन्यांनी ब्रेक, म्हणजे काही दिवस कामावरून कमी. त्यात खोलीभाडं आणि मेस. लागताना यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, आणि ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा नंबर मागून घ्या. पैसे कापले जातात आणि खात्यावर काहीच नसतं, असं माझ्या दोन मित्रांचं झालंय. एमएस-सीआयटी सगळ्यांकडं असतं. एक्सेलमध्ये व्हीलूकअप, म्हणजे एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणायचं सूत्र येत असेल तर मात्र महिनाअखेरच्या स्टॉक टॅलीला साहेब तुम्हालाच बोलावतात, आणि कायम होण्याचा रस्ता निदान आमच्याकडं तरी तिथूनच गेला.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली डोकं तापतं. जूनच्या पहिल्या पावसात पहिला धोका खालच्या थरातल्या खोक्यांना, म्हणून माल जमिनीपासून वर ठेवायच्या फळ्या, म्हणजे पॅलेट, मेमध्येच मोजून ठेवा. आणि हमाल मामांशी वाकड्यात जाऊ नका. कुठल्या पार्टीचं पोतं हलकं लागतंय हे काट्याच्या आधी त्यांच्या खांद्याला कळतं. बुशच्या त्या गाडीच्या वेळी एक मामा म्हणाले होते, ‘हे जरा हलकं लागायलंय बघ.’ मी ऐकलं नाही.

इंटरव्ह्यूत एक प्रश्न हमखास येतो. पीओ 500 चा, चलन 500 चं, उतरवला तर माल 520 निघाला. काय कराल? उत्तर असं: 500 ची जीआरएन, वरचे 20 बाजूला काढून टॅग लावायचा, चलनावर शेरा मारायचा आणि परचेसला मेल टाकायचा. ठेवायचे की परत पाठवायचे, ते परचेस ठरवणार. मला विचारलं तेव्हा मी मोठ्या आनंदानं म्हणालो होतो, ‘फुकटचे आहेत सर, ठेवून घेईन.’ तरी नोकरी मिळाली. त्या दिवशी इंटरव्ह्यूला दुसरं कुणी आलंच नव्हतं.