हेलेनिस्टिक शहराची वाढ पुराव्यांवरून कशी शोधावी : दुरा-युरोपोसच्या आधारे

हेलेनिस्टिक शहराचा, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजवटींच्या काळातील शहराचा, नकाशा प्रथमच पाहणाऱ्याला भुरळ पडते ती त्यातील काटकोनांची. सरळ रस्ते, सारख्या मापाचे घरांचे चौक (चारही बाजूंना रस्ते असलेले घरांचे गट), मधोमध बाजारासाठी सोडलेली मोकळी जागा आणि भोवताली तट असे सारे एकत्र दिसले की राजाने आज्ञा केली, मोजणीदारांनी दोरी लावली आणि थोड्याच वर्षांत शहर उभे राहिले, अशी समजूत आपोआप होते. अभ्यासाची सुरुवात ही समजूत बाजूला ठेवूनच करावी. शहराची स्थापना, त्याची आखणी आणि आखलेल्या जागेवर प्रत्यक्ष झालेली वस्ती या तीन निरनिराळ्या घटना आहेत. त्यांच्यात शंभर-दीडशे वर्षांचे अंतर असू शकते, म्हणून प्रत्येकीचा काळ स्वतंत्र पुराव्यावर ठरवावा लागतो.

हे समजून घेण्यासाठी सीरियातील दुरा-युरोपोसइतके उपयोगी उदाहरण मला दुसरे दिसत नाही. युफ्रेटिस नदीच्या उजव्या तीरावर, कड्याच्या माथ्यावर वसलेले हे ठाणे इ. स. पू. ३०० च्या सुमारास, चंद्रगुप्त मौर्याशी तह करणाऱ्या सेल्युकसच्या राज्यात स्थापन झाले. खारॅक्सचा इसिडोर हा प्राचीन लेखक त्याला निकेनॉर या सेनानीचे नगर आणि मॅसिडोनियनांची वसाहत म्हणतो. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ते इराणच्या पार्थियनांकडे गेले, इ. स. १६५ च्या सुमारास रोमनांकडे आले, आणि इ. स. २५६ च्या आसपास इराणच्या सासानी घराण्याच्या सैन्याच्या वेढ्यानंतर ओस पडले. १९२० मध्ये तिथे खंदक खणणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना भित्तिचित्रे दिसली. १९२२-२३ मध्ये फ्रान्झ क्यूमाँ यांनी उत्खनन केले, आणि १९२८ ते १९३७ या काळात येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमी यांनी मिखाईल रोस्तोव्त्सेव यांच्या मार्गदर्शनाखाली शहराचा मोठा भाग उघडा केला. या पिढीने रस्त्यांची काटकोनी आखणी मूळ स्थापनेच्या काळातली धरली. १९८६ पासून पिएर लरीश यांच्या फ्रेंच-सीरियन पथकाने निवडक जागी खोल चर घेऊन ही आखणी इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या मध्याकडे आणली. त्याआधी तिथे नदीवरच्या बालेकिल्ल्याच्या आश्रयाने राहणारी एक लहान लष्करी वस्ती होती, असे आता मानले जाते. या बदलामागची रीत समजली की ती दुसऱ्या शहरांनाही लावता येते.

प्रथम जमीन वाचावी. कोणत्याही भिंतीकडे वळण्यापूर्वी उंचसखल दाखवणारा नकाशा घेऊन पाणी कुठून येते, चढ कुठे आहे, शत्रू कोणत्या बाजूने येऊ शकतो आणि दगड कुठून काढला असेल, हे प्रश्न विचारावेत. दुराच्या पूर्वेला नदीकडचा उभा कडा आहे, उत्तरेला व दक्षिणेला खोल घळी आहेत, आणि पश्चिमेला सपाट माळ आहे. म्हणजे निसर्गाने तीन बाजू राखलेल्या आहेत आणि चौथ्या बाजूला माणसाने तट बांधलेला आहे. शहराच्या आत, बालेकिल्ला व पठार यांच्यामध्ये, आणखी एक घळ आहे आणि तिच्या कडांतून बांधकामासाठी जिप्समचा दगड काढलेला आहे. खाणीकडे अभ्यासक सहसा दुर्लक्ष करतात. हे मला खटकते, कारण पठार दगडी बांधकामाने भरायचे तर दगड काढण्याची, वाहण्याची आणि घडवण्याची सोय आधी हवी. खाणीच्या कडेवर वस्तीचे कोणते अवशेष बसले आहेत, ते पाहिले की खाण कधी थांबली याची एक मर्यादा हाती लागते.

त्यानंतर नकाशावरील प्रत्येक रेषेचे इतर रेषांशी असलेले नाते लिहून काढावे. दोन भिंती जिथे मिळतात तिथे दगड एकमेकांत गुंफलेले असतील तर त्या बहुधा एकाच वेळच्या असतात. एक भिंत दुसरीला नुसती भिडवलेली असेल, तर भिडवलेली भिंत नंतरची असते. रस्ता तटाच्या दरवाजाशी नेमका जुळतो का, तटाचा पाया आधीच्या एखाद्या घराला कापून गेला आहे का, एखादे मंदिर रस्त्याच्या रेषेत आहे की तिरके बसले आहे, या गोष्टींतून कोणतेही साल न सांगता आधी काय आणि नंतर काय हे ठरते. दुरामध्ये पश्चिमेच्या पामिरा दरवाजातून निघालेला मुख्य रस्ता पठारावरून सरळ पूर्वेकडे आतल्या घळीपर्यंत येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३५ मीटर रुंद व ७० मीटर लांब असे चौक ओळीने मांडलेले आहेत. बालेकिल्ला मात्र या जाळीत बसत नाही. तो भूगोलाच्या सोयीने, कड्याच्या आकाराप्रमाणे उभा आहे. असा विसंगत भाग दिसला की तो आधीचा आहे का, अशी शंका घ्यावी. पण ती शंका म्हणूनच ठेवावी, कारण कड्यावर जाळी बसवणे मुळातच अवघड असते.

खरा निकाल रस्त्याखाली लागतो. घरे पाडली जातात, जोत्यावर पुन्हा बांधली जातात, त्यांच्या जमिनी खरवडल्या जातात. सार्वजनिक रस्ता मात्र एकदा पडला की शतकानुशतके जागा सोडत नाही आणि त्याच्यावर थर साचत जातात. म्हणून रस्त्याच्या आडव्या रेषेत, एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत, अरुंद चर घ्यावा आणि तो मूळ खडकापर्यंत न्यावा. चराच्या उभ्या कापात वरून खाली येताना वाहून आलेली सैल माती, मग तुडवून घट्ट झालेला पृष्ठभाग, पुन्हा राखमिश्रित गाळ, पुन्हा पृष्ठभाग, असे आलटूनपालटून थर दिसतात. सर्वांत खाली दगड घडवताना उडालेल्या टवक्यांचा पांढरट थर सापडला तर तो फार मोलाचा आहे. तो बांधकाम चालू असतानाचा कचरा असतो, आणि त्यात अडकलेले खापर त्या बांधकामाच्या नंतरचे असू शकत नाही. पहिल्या पृष्ठभागाच्या खाली जे काही सीलबंद झाले आहे, त्यातील सर्वांत उशिराची वस्तू रस्त्याची मर्यादा ठरवते. रस्ता त्या वस्तूपेक्षा जुना नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. तो तिच्यापेक्षा किती नवा आहे, हे वरच्या थरांतून काढावे लागते.

भिंतींच्या बाबतीत हीच कसोटी पायाच्या चराला लावावी. भिंत बांधण्यासाठी खणलेल्या चरात, भिंत आणि चराची कड यांच्यामध्ये, जी भर घातलेली असते ती वेगळी उकरून वेगळ्या पिशवीत ठेवावी. ही भर आणि शेजारचा जुना थर एकाच पिशवीत गेला तर साऱ्या चराची मेहनत वाया जाते. महाराष्ट्रात इनामगाव, नेवासे अशा ठिकाणच्या पांढरीच्या टेकाडांवर ज्यांनी काम केले आहे, त्यांना थर सोलण्याची शिस्त ठाऊक असते. पण पठारावरच्या दगडी शहरात काही ठिकाणी मातीच्या थरांचा साठा फार थोडा असतो आणि पाया थेट खडकावर टेकलेला असतो. तिथे एका चराकडून फार अपेक्षा ठेवू नये आणि चरांची संख्या वाढवावी.

कालनिर्णयासाठी खापरे, नाणी आणि लेख हे तीन साक्षीदार असतात, आणि तिघांचीही उलटतपासणी करावी लागते. हेलेनिस्टिक स्थळांवर ऱ्होड्स बेटावरच्या मद्यकुंभांच्या मुठी मिळाल्या तर त्या आधी पाहाव्यात, कारण त्यांवरील ठशांत त्या वर्षीच्या अधिकाऱ्याचे नाव असते आणि त्यावरून काळ बराच जवळ आणता येतो. नाण्यावर राजाचे नाव असल्यामुळे ते निःसंदिग्ध वाटते, पण ते पाडले कधी आणि हरवले कधी यांत पिढ्यांचे अंतर असू शकते. दुरामध्ये येलच्या पथकाला सुमारे १४,००० नाणी मिळाली. पहिल्या सेल्युकिड, म्हणजे सेल्युकसच्या वंशातील, राजांची नाणी शहरात आहेत म्हणून जाळीदार आराखडाही त्यांच्याच काळातला, हे अनुमान मात्र टिकत नाही, कारण नाणे कोणत्या थरात मिळाले हा प्रश्न त्यात सुटून जातो.

लेखांमध्ये सेल्युकिड शकाचा हिशेब नीट करावा. मॅसिडोनियन गणनेप्रमाणे हा शक इ. स. पू. ३१२ च्या शरद ऋतूत सुरू होतो. त्यामुळे इसवी सनातील वर्ष काढताना शरद ऋतूपासून डिसेंबरपर्यंत ३१२ आणि त्यापुढील महिन्यांसाठी ३११ वजा करावेत. दुराच्या सिनेगॉगमधील (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातील) छताच्या फरशीवर ५५६ हे वर्ष आहे. त्यावरून इ. स. २४४-४५ मिळते, आणि त्याच लेखात रोमन सम्राट फिलिपचे दुसरे वर्ष दिलेले असल्याने हिशेबाची पडताळणीही होते. अशी दुहेरी नोंद मिळणे हे भाग्यच म्हणायचे. इसिडोरसारख्या लेखकाचे विधान मात्र स्थापनेपुरतेच वापरावे. निकेनॉरने ठाणे वसवले एवढे तो सांगतो, रस्ते कोणी आखले याबद्दल तो काहीच सांगत नाही.

न सापडलेल्या गोष्टींवरून अनुमान काढताना विशेष सावध राहावे. एका चरात इ. स. पू. तिसऱ्या शतकाची खापरे नाहीत, यावरून काहीच ठरत नाही. पठारावरच्या अनेक, एकमेकांपासून दूर असलेल्या चरांत तळाचा थर इ. स. पू. दुसऱ्या शतकाचाच निघाला आणि जुना माल बालेकिल्ल्याच्या परिसरातच सापडत राहिला, तर त्या अभावाला पुराव्याचे वजन येते. दुराच्या तटाविषयीही असाच संयम हवा. पश्चिमेच्या तटाचा काही भाग घडीव दगडाऐवजी कच्च्या विटांनी पूर्ण केलेला आहे. पार्थियन संकट जवळ आल्याने घाई झाली, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि तो मला पटतो. तरीही विटांच्या भागाखालील थराचा काळ हाती असेल तेव्हाच तो निष्कर्ष म्हणून लिहावा.

आखणीचा काळ ठरला तरी काम अर्धेच होते, कारण आखलेली जागा भरतेच असे नाही. दुराच्या बाजारचौकासाठी आठ चौकांची जागा राखली होती. दुकानांच्या रांगा बांधल्या गेल्या त्या उत्तरेकडच्या भागात, आणि पुढे पार्थियन काळात उरलेली मोकळी जागा घरे, दुकाने व अरुंद बोळ यांनी हळूहळू गिळली. पहिल्या नियोजकांच्या मनातील बाजारचौक आणि नंतरच्या रहिवाशांची पेठ यांच्यामधला हा बदल शहराच्या जगण्याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. त्याला ऱ्हास म्हणून निकालात काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. रोमन काळात शहराचा उत्तर भाग लष्कराच्या ताब्यात गेला. अखेरच्या वेढ्याच्या तयारीत पश्चिम तटाला आतून मातीचा जाड भराव घातला गेला, आणि त्याखाली सिनेगॉग व ख्रिस्ती प्रार्थनाघर गाडले जाऊन टिकले. भरावाखाली राहिलेला पट्टा आणि उघडा राहिलेला बाकीचा भाग यांतील अवशेषांची तुलना करताना हा फरक विसरला, तर तटाजवळच वस्ती दाट होती असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दुसऱ्या शहरांशी तुलना जरूर करावी, पण नियम उलटा करून लादू नये. आशिया मायनरमधील प्रिएने येथे इ. स. पू. चौथ्या शतकात नव्या जागी शहर वसवताना जाळी तीव्र उतारावर सुरुवातीपासूनच आखली गेली. अफगाणिस्तानातील आय-खानुम येथे, जिथे पॉल बर्नार यांच्या पथकाने १९७८ पर्यंत उत्खनन केले, आज नकाशावर दिसणारा भव्य राजवाडा शहराच्या शेवटच्या टप्प्यातला आहे. तिन्ही शहरांचे नकाशे एकाच पानावर ठेवले तर ती एकाच साच्यातली वाटतात. थरांचा अभ्यास केला की त्यांच्या वाढीच्या वाटा वेगळ्या निघतात.

जुन्या उत्खननांचे अहवाल वापरताना त्या काळची कामाची पद्धत ध्यानात ठेवावी. येलच्या काळात शेकडो मजूर लावून इमारती मोकळ्या केल्या गेल्या, आणि भिंतींच्या मानाने थरांची नोंद तुटपुंजी राहिली. पण छायाचित्रे, दैनंदिन नोंदी आणि वस्तूंच्या याद्या विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि छायाचित्रातील न खणलेल्या मातीच्या कडेवरूनही कधी कधी थर ओळखता येतात.

२०११ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर दुराचे क्षेत्रकाम थांबले आणि त्यानंतर लुटारूंनी तटाच्या आत असंख्य खड्डे खणले. उपग्रहचित्रांत ते स्पष्ट दिसतात आणि पाहताना जीव हळहळतो. आता या शहरावर काम करणाऱ्याने २०११ पूर्वीचे चित्र आणि नंतरचे चित्र एकावर एक ठेवून चौकवार नोंद करावी : कोणता चौक अस्पर्श आहे, कोणत्या चौकात खड्डे आहेत, आणि कोणत्या रस्त्याचा कोणता तुकडा अजून शाबूत आहे. पुढे कधी चर घेण्याची वेळ आली तर तो याच शाबूत तुकड्यांत घ्यावा, आणि खड्ड्यांच्या कडेला पडलेली खापरे थराचा पुरावा म्हणून कोणत्याही तक्त्यात धरू नयेत.