सिलिकाने कॉपर धरलं, की नुसता गाळ बसला?

पाण्यातले कॉपरसारखे धातू धरायला अमाइन (नायट्रोजनवाले बेसिक गट) लावलेल्या सिलिकावर काम सुरू करताना नवख्यांना धास्ती असते ती सिंथेसिसची. ती वाट मळलेली आहे. सिलिका जेल ६ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये रिफ्लक्स करून (वाफ थंड होऊन परत पडेल असं उकळून) न्यूट्रल होईपर्यंत धुवायचं, १५० अंशांवर सुकवायचं आणि कोरड्या टोल्युइनमध्ये, नायट्रोजनखाली एपीटीईएससोबत (सिलिकावर अमाइन बसवणारं सिलेन) रिफ्लक्स करायचं. फक्त रत्नागिरी-चिपळूणकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. ओव्हनमधली सिलिका तराजूपर्यंत नेईस्तोवर ओल धरते आणि एपीटीईएस पृष्ठभागावर बसायचं सोडून आपसातच जुळतं, छिद्रं बुजतात. म्हणून सिलिका फ्लास्कमध्येच सुकवा आणि फ्लास्क गरम असतानाच जोडणी करा.

खरा घात होतो तो पुढे, पीएचमध्ये.

समजा, १०० पीपीएम कॉपर नायट्रेटचं २५ मिली द्रावण घेतलं, पीएच ५ लावला, ५० मिग्रॅ सिलिका टाकून शेकरवर ठेवलं. अमाइन हा बेस आहे, तो प्रोटॉन ओढतो आणि द्रावणाचा पीएच चढत जातो. या कॉन्सन्ट्रेशनला कॉपर हायड्रॉक्साइड साडेपाचच्या आसपासच पडायला लागतं. गाळ फिल्टरवर अडकतो, एएएसवर (द्रावणातला धातू मोजणारं ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्र) कॉपर दिसत नाही आणि वहीत ९९ टक्के रिमूव्हल चढतं. ब्लँक इथे वाचवत नाही, कारण त्यात सिलिका नाही, त्याचा पीएच पाचलाच राहतो. शेकर थांबल्यावर नमुन्याचा पीएच मोजा आणि ब्लँक त्या शेवटच्या पीएचला नेऊन तेवढाच वेळ हलवा, तसाच गाळा. त्यातही कॉपर घटलं, तर तुमचा आकडा गाळाचा आहे.

दुसरी खूण नुसत्या हिशेबाची. एलिमेंटल ॲनालिसिसने अमाइन ग्रॅमला १ मिलिमोल आलं असेल, तर एका अमाइनला एक कॉपर धरूनही कॉपर ग्रॅमला साधारण ६४ मिग्रॅच बसतं. त्याहून बरंच जास्त आलं तर आधी गाळाचा संशय घ्या. सुकलेली पावडरही बघा: अमाइनशी बांधलेलं कॉपर गडद निळं दिसतं, हायड्रॉक्साइड फिकट.

सीनियरच्या एक्सेल शीटवर विसंबू नका. स्यूडो-सेकंड-ऑर्डरच्या (धातू किती वेगाने धरला जातो, त्याचं मॉडेल) आलेखात वेळ दोन्ही अक्षांवर असतो, त्यामुळे आर-स्क्वेअर ०.९९ जवळपास कशालाही येतो. गाळालासुद्धा!

खाडीचं पाणी शेवटी घ्या. कॅडमियमवर काम करत असाल, तर भरतीच्या पाण्यातलं क्लोराइड त्याला द्रावणातच धरून ठेवतं, तिथे डिस्टिल्ड वॉटरमधले आकडे टिकत नाहीत.

आणि दुसऱ्या फेरीत क्षमता कोसळली तर घाबरू नका, मटेरियल बहुधा शाबूत असतं. ॲसिडने कॉपर काढताना अमाइन प्रोटॉन धरून बसतं. ०.१ मोलर सोडियम बायकार्बोनेटने धुवा, मग पाण्याने. कॉस्टिक मात्र वापरू नका, त्यात सिलिकाच विरघळते.