सोळाशे मीटरची तयारी: तिसऱ्या फेरीत दम टिकण्यासाठी

लष्कराच्या अग्निवीर भरतीत 1,600 मीटर अंतर साडेपाच मिनिटांत कापणाऱ्या उमेदवाराला धावण्याचे पूर्ण 60 गुण मिळतात. 400 मीटरच्या ट्रॅकवर या अंतराच्या चार फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक फेरीला साधारण 82 सेकंद. हा आकडा अंगात मुरायला हवा. अनेक मुले गर्दीच्या रेट्यात पहिली फेरी सत्तर-बाहत्तर सेकंदांत मारतात आणि तिसऱ्या फेरीत त्याची किंमत मोजतात. खांदे कानांकडे चढतात, मुठी आवळल्या जातात आणि पाय जड होतात.

तयारीसाठी किमान बारा आठवडे हाताशी असावेत. पहिले चार आठवडे घड्याळ बाजूला ठेवून आठवड्यातून चार दिवस 25 ते 40 मिनिटे इतक्या सावकाश पळावे, की सोबतच्या मित्राशी सलग बोलता आले पाहिजे. रोज जीव तोडून पळणाऱ्या मुलांना हे पळणे कमीपणाचे वाटते, पण हृदयाची आणि स्नायूंची सहनशक्ती याच संथ पळण्यातून वाढते, आणि पुढच्या वेगाच्या सरावाला तीच आधार देते.

पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून एक दिवस 400 मीटरच्या सहा फेऱ्या माराव्यात आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटे चालावे. सुरुवातीला 90 सेकंदांची फेरी पुरेशी आहे. सहाही फेऱ्या सारख्या वेळेत येऊ लागल्या, की दोन-दोन सेकंद कमी करत 80 पर्यंत यावे. शेवटची फेरी पहिलीपेक्षा फार मागे पडत असेल, तर वेग झेपत नाही असे समजून तो कमी करावा. आणखी एक दिवस चढावर 10 सेकंदांच्या आठ धावा घ्याव्यात आणि उतरताना चालतच यावे. पूर्ण 1,600 मीटरची वेळ तीन आठवड्यांतून एकदाच लावावी.

डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोटाने दाबून दुखत असेल, तर पळणे तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे, कारण ती हाडाला बारीक तडा जाण्याची सुरुवात असू शकते. दुखणे दाबणाऱ्या किंवा ताकद वाढवणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांच्या नादी कोणीही लागू नये, ही कळकळीची विनंती आहे. त्यापायी जिवावर बेतू शकते.

चाचणीच्या आधीचे दोन दिवस केवळ हलके पळावे. त्या दिवशी पोट भरलेले नसावे, दोन-अडीच तास आधी केळे किंवा पोळी खावी, आणि सुरुवातीच्या ढकलाढकलीत बाहेरच्या बाजूने वाट काढून पहिली फेरी ठरलेल्या 82 सेकंदांतच पूर्ण करावी.

निवड झाल्यावरही संथ पळणे सोडू नये, कारण प्रशिक्षणात बूट घालून, पाठीवर पिट्टू (सामानाची लष्करी पिशवी) आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर पळावे लागते.