कॅथलिक शाळेला मदत करायचीय? मग आधी हे विचारा

बॅचच्या ग्रुपवर कोणीतरी जुना फोटो टाकतं, मग सगळे 'शाळेसाठी काहीतरी करूया यार' म्हणतात आणि चार हार्ट टाकून विषय तिथंच संपतो. ज्यांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी पैसे कुठं अडतात ते समजून घ्या. या शाळा इतकी वर्षं कमी फीमध्ये चालल्या कारण सिस्टर, ब्रदर, फादर जवळपास बिनपगारी शिकवायचे. १५९७ मध्ये रोममध्ये जोसेफ कालासांझ या फादरनी गरीब पोरांसाठी फुकट शाळा काढली, पुढे १६८० च्या सुमारास फ्रान्समध्ये द ला साल या फादरनी पोरांना लॅटिनऐवजी त्यांच्याच फ्रेंचमध्ये वाचायला शिकवायला सुरुवात केली, आणि हे सगळं अशाच लोकांच्या जिवावर. आता बऱ्याच ठिकाणी शिक्षक घरसंसारवाले आहेत, त्यांना नीट पगार द्यायलाच हवा. म्हणजे कुणाच्या डोळ्यावर न येणारी सबसिडी होती ती गेली.

म्हणून थेट शाळेत जाऊन विचारा, एका मुलामागे वर्षाला खर्च किती, फी किती, मधला फरक कुठून भरता? सरकारी पैशाचे नियम देशागणिक वेगळे असतात, इंग्लंडमध्ये काही कॅथलिक शाळांचा रोजचा खर्च सरकार देतं पण इमारतीच्या कामाचा साधारण १०% वाटा शाळेनं उभा करायचा असतो, अमेरिकेत बहुतेक भार फी आणि देणग्यांवरच. त्यामुळे खड्डा नक्की कुठं आहे ते बघूनच द्या.

आणि प्लीज, वस्तू देऊ नका. आमच्या बॅचनं हौसेनं प्रोजेक्टर दिला, त्यावर आमच्या नावाची पाटी पण लावली, सात-आठ महिन्यांत बल्ब गेला आणि पुढचं वर्षभर तो टेबलक्लॉथखाली झाकलेला. पाटी मात्र चकाचक! त्यापेक्षा फी-मदत फंडात दर महिन्याला थोडे टाका, शाळेला पुढच्या वर्षीचा हिशोब तरी मांडता येतो.

देताना अजून एक विचारा, गरीब मुलं किती आहेत, इतर धर्माची किती? हा आगाऊपणा नाही. व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा) शिक्षणावरच्या १९६५ च्या जाहीरनाम्यातच लिहिलंय की गरीब, घरच्या मायेला मुकलेली आणि ख्रिस्ती श्रद्धा नसलेली मुलं यांची खास काळजी घ्यायची. माझ्या मते या शाळांना मदत करायचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि जी शाळा फक्त ऐपतवाल्यांचीच झालीय तिला माझ्या पैशाची गरज नाही. मुलांच्या सुरक्षेचे नियम काय, तक्रार कुणाकडे करायची हेही विचारा, चर्चच्या संस्थांमध्ये काय काय झालंय ते जगाला माहितीय, चांगली शाळा यावर चिडत नाही, कागद पुढे ठेवते.

पैसे नसतील तर आठवड्याला दोन तास द्या, वाचनात मागे पडलेल्या एखाद्या पोराबरोबर बसा, पण वर्गातच, शिक्षक समोर असताना.

पावती घ्या. सहा महिन्यांनी फोन करून विचारा, किती मुलांची फी भरली गेली?