बाळाचे रोजचे कपडे कसे निवडावेत

बाळ जन्माला आले की घरात कपड्यांची रास लागते. भेटायला येणारे काही ना काही घेऊन येतात, बारशाला जाळीचे फ्रॉक, जरीचे अंगरखे आणि सॅटिनचे सदरे जमा होतात, आणि तरीही पहाटे बाळाने दुपटे, झबले आणि अंथरूण एकदमच ओले केले की हाताशी एकही मऊ, कोरडे झबले सापडत नाही. आपण हे कपडे डोळ्यांनी निवडतो. त्यांच्याशी गाठ मात्र बाळाच्या कातडीची आणि त्याला दिवसातून दहा वेळा बदलणाऱ्या हातांची पडते. म्हणून रोजच्या कपड्याबाबत दोन प्रश्न आधी विचारावेत. हे कापड दिवसभर बाळाच्या अंगाला सोसेल का? आणि अर्धवट झोपेत, अंधुक उजेडात, रडणाऱ्या बाळाला ते ओढाताण न करता घालता-काढता येईल का? या दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर रंग आणि नक्षी यांचा विचार खुशाल करावा.

कापडापासून सुरुवात करू. अनेक घरांत बारशापर्यंत बाळाला नवे कापड घालत नाहीत. आजीच्या विरलेल्या सुती लुगड्याची किंवा आजोबांच्या धोतराची झबली आणि दुपटी शिवली जातात. या रीतीमागच्या श्रद्धा काहीही असोत, तिचा व्यवहारी लाभ मोठा आहे. शेकडो वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ आणि जादा रंग कधीच निघून गेलेला असतो, धागा मऊ पडलेला असतो आणि ते पाणी चटकन टिपते. नवे कापड सुती असले तरी खळीमुळे ताठ असते. दुकानातून आणलेले झबले धुऊन झाल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब लगेच मुरला तर ते कापड बाळाचा घाम टिपेल. मण्यासारखा वर उभा राहिला तर अजून धुवायला हवे, किंवा त्यात कृत्रिम धागा तरी आहे. मऊपणा जोखताना तळहातावर विसंबू नये, कारण कामाने तळहाताची कातडी जाड झालेली असते. कापड आपल्या गालावरून किंवा ओठांवरून फिरवावे.

घरात वापरायला मलमल आणि सुती होजिअरी ही दोन कापडे सर्वांत सोयीची. मलमल हवेशीर असते आणि लवकर वाळते, तर होजिअरी ताणली जात असल्यामुळे हातपाय हलवणाऱ्या बाळाला काचत नाही. मात्र होजिअरीचा गळा दोन्ही हातांनी ताणून सोडावा आणि तो मूळ आकारावर येतो का ते पाहावे. जो सैलच राहतो, तो चार धुण्यांत खांद्यावरून घसरू लागेल. पॉलिएस्टर आणि नायलॉन घाम टिपत नाहीत. मानेच्या आणि काखेच्या वळ्यांत ओल साचून राहते आणि घामोळे येते. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ‘कॉटन’ असले तरी आतली पट्टी वाचावी, कारण मिश्र धाग्याचे कपडेही त्याच नावाने विकले जातात. लोकर ऊबदार असते खरी, पण ती थेट अंगावर टोचते. स्वेटरच्या आत पूर्ण बाह्यांचे सुती झबले हवेच.

यानंतर कपडा उलटा करून पाहण्याची सवय लावून घ्यावी. मला ही सर्वांत महत्त्वाची पायरी वाटते, आणि खरेदीच्या घाईत हीच राहून जाते. शिवण जाड आणि कडक आहे का, मानेजवळची पट्टी टोचते का, भरतकामाच्या मागच्या गाठी पोटावर येतात का, हे सर्व आतूनच कळते. तान्ह्या बाळाला पहिले काही आठवडे झबले उलटे, म्हणजे शिवण बाहेर ठेवून, घातले तरी काही बिघडत नाही. पायमोजे आणि हातमोजे तर प्रत्येक वेळी उलटवून तपासावेत. त्यांच्यातला सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला, तर रक्तप्रवाह अडून बोट सुजते, आणि बाळ का रडते आहे हे कोणालाच उमगत नाही. बाळ अकारण, एकसारखे रडत असेल तर मोजे काढून प्रत्येक बोट पाहावे. हातमोजे दिवसभर चढवून ठेवू नयेत; बाळ स्वतःला ओरखडू नये म्हणून नखे वेळच्या वेळी कापणे अधिक चांगले, कारण हातांनी चाचपणे आणि मूठ तोंडाकडे नेणे ही त्या वयातली मोठी शिकवण असते.

घालण्या-काढण्याची सोय पाहताना बाळाच्या शरीराची ठेवण लक्षात ठेवावी. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते आणि मान साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत सावरत नाही. अशा बाळाच्या डोक्यावरून अरुंद गळ्याचा सदरा ओढणे बाळालाही त्रासाचे आणि नवख्या आईबाबांनाही धास्तीचे. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत पुढून पूर्ण उघडणारे झबले घ्यावे: आधी ते पसरून ठेवावे, त्यावर बाळाला निजवावे, बाहीतून आपली बोटे आत घालून बाळाचा हात अलगद बाहेर घ्यावा आणि मग पुढून बंद करावे. बांधायचे बंद बाजूला, कमरेपाशी असावेत. गळ्याशी बांधायची नाडी असलेले झबले मी कधीच सुचवणार नाही. टिचबटणे सोयीची असतात, पण ती कापडात पक्की बसली आहेत का हे ओढून पाहावे आणि त्यांची आतली बाजू गंजलेली नसावी. शिवलेले बटण, मोती, टिकली, चिकटवलेले फूल यांपैकी जे काही सुटून तोंडात जाऊ शकते, ते रोजच्या कपड्यावर नकोच. चेन असलेला रॉम्पर, म्हणजे सदरा आणि विजार एकत्र शिवलेला कपडा, झटपट घालता येतो. तिच्या मागे कापडाची पट्टी आणि हनुवटीपाशी टोक झाकणारी घडी असेल तरच तो घ्यावा. गळ्याशी खांद्यावर दुमडी असलेले सदरे मिळतात, त्यांचा उपयोग अनेकांच्या ध्यानात येत नाही: शी वरपर्यंत पसरली असेल, तेव्हा असा सदरा डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली, पायांकडे सरकवून काढता येतो.

लंगोटाविषयी थोडेसे. नाळ साधारण एक ते दोन आठवड्यांत गळते. तोवर लंगोट किंवा डायपरची वरची कड नाळेच्या खाली दुमडावी, म्हणजे ती कोरडी राहते आणि घासली जात नाही. लंगोटाच्या गाठीखाली आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. कापडी लंगोट वापरणाऱ्या घरात 20 ते 24 लंगोट, आठ-दहा झबली आणि सहा-सात दुपटी असली तर एक दिवस धुणे राहिले तरी निभावते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ही संख्या दीडपट धरावी.

मापाच्या बाबतीत बहुतेकांचे पैसे वाया जातात. जन्मतः साधारण 50 सेंटीमीटर लांबीचे बाळ वर्षभरात सुमारे 75 सेंटीमीटरचे होते. वजन पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. नवजात मापाची चार-पाच झबली पुरतात. वेष्टनावरच्या महिन्यांपेक्षा बाळाची लांबी आणि वजन पाहून माप ठरवावे, आणि थोडे मोठे माप घेऊन बाही दुमडावी. थोडे म्हणजे थोडेच: फार ढगळ कपडा झोपेत तोंडावर येतो. आहेर देणाऱ्यांनी विचारलेच, तर सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचे कपडे मागावेत. मात्र ते वापरात येतील तेव्हा ऋतू कोणता असेल ते आधी मोजावे. डिसेंबरात जन्मलेल्या बाळाला मिळालेला मोठ्या मापाचा स्वेटर त्याला मे महिन्यात बसेल.

ऋतूचा विचार आपल्या गावाच्या हवेप्रमाणेच करावा लागतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि तिथेही मोजे, टोपडे आणि वर दुपटे अशा थाटात घामाघूम झालेली बाळे मी पाहिली आहेत. ‘बाळाला थंडी बाजेल’ ही काळजी प्रेमापोटीच असते, पण फार उकडणे हेही तान्ह्या बाळाला धोक्याचे आहे. सर्वसाधारण हिशेब असा, की मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरेसे वाटतात, त्याहून पातळसा एक थर बाळाला जास्त. कडक उन्हाळ्यात तोही नको, बिनबाह्यांचे मलमलचे झबले आणि लंगोट एवढे पुरते. हातपाय गार लागले म्हणून लगेच कपडे वाढवू नयेत, कारण तान्ह्या बाळाचे हातपाय पुष्कळदा गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवावा: तिथे घाम असेल तर एक थर कमी करावा, गार लागले तर वाढवावा. कमी वजनाच्या आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे गणित वेगळे असते. त्यांना अधिक ऊब लागते, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आईच्या उघड्या छातीशी धरताना तर केवळ टोपी, मोजे आणि लंगोट एवढाच पोशाख ठेवतात. संध्याकाळी डास सुटतात तेव्हा फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, पातळ सुती कपडे आणि मच्छरदाणी असा बंदोबस्त ठेवावा.

टोपडे आणि कुंची बाहेर जाताना फार उपयोगी. कुंचीने डोके, कान आणि पाठ एकदमच झाकली जाते, आणि खणाच्या कुंचीतले बाळ किती देखणे दिसते हे वेगळे सांगायला नको. परंतु घरात झोपवताना कुंची, टोपडे आणि हनुवटीखालचे सगळे बंद काढून ठेवावेत. तोच नियम गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला लावावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो हवाच असेल, तर झोपेच्या वेळी उतरवण्याची विनंती करावी. दुपट्यात गुंडाळताना हात छातीशी राहिले तरी पाय कधीही सरळ, घट्ट आवळू नयेत. बाळाचे गुडघे वाकलेले आणि मांड्या बाहेरच्या बाजूला मोकळ्या राहायला हव्यात, नाहीतर खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडू शकते. गुंडाळलेल्या बाळाला नेहमी पाठीवरच निजवावे, आणि ते कुशीवर वळू पाहते आहे असे दिसले की गुंडाळणे थांबवावे. मोटारीत लहान मुलांच्या आसनात बसवताना जाड जाकीट घालू नये. पट्टा जाकिटावर बसतो, अंगावर बसत नाही. आधी पट्टा लावावा आणि मग वरून पांघरूण घालावे.

रांगायला लागल्यावर कपड्यांची गरज एकदम बदलते. लांब फ्रॉक गुडघ्याखाली अडकून बाळ तोंडावर पडते, म्हणून मुलगी असो वा मुलगा, दिवसा आखूड सदरा आणि गुडघा झाकणारी सैल सुती विजार घालावी. कमरेच्या इलॅस्टिकचा वळ पोटावर उमटत असेल तर ते उसवून सैल करावे. गुळगुळीत फरशीवर मोजे घसरतात. उभे राहायला शिकणाऱ्या बाळाचे पाय घरात उघडेच राहू द्यावेत.

सणाचे कपडे घालू नयेत असे मी म्हणणार नाही. बोरन्हाणाचा काळा झगा आणि हलव्याचे दागिने यांचा आनंद घ्यावाच. काळा रंग फार सुटतो, म्हणून झगा आधी दोनदा धुवावा, आत जुने सुती झबले घालावे आणि समारंभ अर्ध्या तासात आटोपून बाळाला रोजच्या कपड्यात आणावे. हलव्याचा सुटा दाणा आणि भोवती उधळलेली बोरे-चुरमुरे बाळाच्या तोंडात जाणार नाहीत, यासाठी एका व्यक्तीने फक्त बाळाकडेच पाहावे.

धुण्यासाठी सौम्य साबण आणि भरपूर पाणी पुरते. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रावणे टाळावीत. त्यांचा थर बसून लंगोट पाणी टिपेनासे होतात. उन्हात वाळवल्याने शीचे पिवळे डागही फिके पडतात. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून शेवटी गरम इस्त्री फिरवावी, कारण दमट लंगोटाने पुरळ येते. दोरीवरून काढलेला प्रत्येक कपडा झटकूनच घडी करावा.

शेवटी जुन्या कपड्यांविषयी, कारण यातला धोका पुष्कळ घरांत ठाऊक नसतो. थोरल्या भावंडाची झबली, आजीने जपून ठेवलेले दुपटे, ट्रंकेतली गोधडी हे सर्व बाळासाठी उत्तमच. पण ते डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले असेल, तर तसेच काढून बाळाला कधीही घालू नये. या गोळ्यांतले नॅफ्थलीन श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते. काही बाळांमध्ये जी6पीडी नावाचे, रक्तपेशी जपणारे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असते, आणि अशा बाळांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थलीनमुळे झपाट्याने फुटतात. मग कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा होते. ही कमतरता मुलग्यांत अधिक आढळते आणि वरून ओळखू येत नाही. असे कपडे काही दिवस उन्हात, मोकळ्या हवेत पसरावेत, मग धुवावेत, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नयेत. वास जातच नसेल तर बाळापुरते ते बाजूला ठेवावेत. बाळ पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि डांबराच्या गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करावा. आपल्या बाळाचे लहान झालेले कपडे पुढच्या बाळासाठी ठेवतानाही या गोळ्या वापरू नयेत: स्वच्छ धुऊन, कडकडीत वाळवून, सुती पिशवीत वाळलेल्या कडुलिंबाच्या पानांसह ठेवावेत, पिशवीवर माप लिहावे, आणि ज्यांची बटणे ढिली किंवा शिवण उसवलेली आहे ते आधीच वेगळे काढून त्यांचे पुसायचे फडके करावे.